अक्कांसाठी झिंगे

झिंगे परत मेले. बरं, मरायचं तर गुपचूप एखाद्या पानाआड मरावं, तेही नाही. नाश्त्याच्या वेळेला, भरल्या हॉलमध्ये, पुढच्या काचेपाशी ओळीनं आडवे पडले होते. उकडल्यासारखे गुलाबी झालेले.

"अरे मेल्यांनो, दोन दिवस तरी दम धरायचा होता!" हेमलता इंगवलेनं उपम्याची बशी टेबलावर आपटली आणि ती टाकीपाशी गेली. मागच्या टेबलावर कुणीतरी खुदकन हसलं. तिनं वळून अशी नजर टाकली, की त्या माणसानं चमचा तोंडात घातला तो काढलाच नाही.

हेमलता म्हणजे सांगली डेपोची जुनी कंट्रोलर. गाड्यांना ड्रायव्हर असायचे त्या काळातली. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लावायची, कोणाला आधी सोडायचं, कोणाला थांबवायचं, हे तिनं माइकवरून आयुष्यभर सांगितलं आणि भल्याभल्या ड्रायव्हरांनी ते निमूट ऐकलं. आता 'सुखवस्ती' या वृद्धनिवासात तिच्याकडे हॉलमधल्या माशांच्या टाकीची जबाबदारी होती. गप्पी, मॉली, निऑन टेट्रा, तळाशी हुंगत फिरणारे मिशाळ कोरी, सगळे एका टाकीत. आणि बोटाच्या पेराएवढे झिंगे काही तिचं ऐकत नव्हते.

टाकीच्या वरच्या पडद्यावर अक्षरं उमटली. 'झिंगे आणि मासे : मेळ नाही. झिंगे वेगळे करावेत.'

"तू गप रे!" हेमलता पडद्याला म्हणाली. "तुला कुणी विचारलंय?"

कोपऱ्यातल्या खुर्चीवर शैलजाअक्का बसल्या होत्या. हेमलताची थोरली जाऊ. त्यांनी चष्म्यावरून पडद्याकडे बघितलं, मग हेमलताकडे बघितलं, आणि चहाचा घोट घेतला. तो घोट हेमलताला शंभर शब्दांपेक्षा जास्त लागला.

आता हे यंत्र नेमकं काय करतं, ते सांगायला हवं, नाहीतर बाई एवढी का तडकली ते कळायचं नाही.

कुठलाही जीव घाबरला, त्रासला, की त्याच्या अंगात ठरावीक रसायनं तयार होतात. माशाच्या अंगातली कल्ल्यांमधून पाण्यात उतरतात, माणसाच्या अंगातली घामात. आधी ती शोधायची तर प्रयोगशाळा लागायची. मग नखाएवढी चकती निघाली. ही चकती पाण्यात सोडा नाहीतर मनगटावर चिकटवा, ती क्षणाक्षणाला ताण मोजते. त्यापुढचं डोकं कुणीतरी असं लढवलं, की ताण कधी वाढला आणि त्या वेळी जवळ कोण होतं, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तर कोणाला कोणाचा त्रास होतो ते सांगता येईल. झालं! 'मेळ' जन्माला आला. आधी मत्स्यशेतीत वापरला, मग कोंबड्यांच्या खुराड्यात, मग कॉलेजच्या वसतिगृहांत. भांडणं कमी झाली, पेपरांत कौतुक छापून आलं, आणि मेळ वृद्धनिवासांत शिरला.

सुखवस्तीत प्रत्येकाच्या मनगटावर चकती होती. महिन्यापूर्वी मेळनं निकाल दिला. 'हेमलता इंगवले आणि शैलजा इंगवले : मेळ नाही. शैलजा इंगवले जवळ असताना हेमलता इंगवले यांचा ताण धोक्याच्या पातळीवर जातो. खोल्या वेगळ्या कराव्यात.' म्हणजे अक्कांनी बागेपलीकडच्या इमारतीत जायचं. तिथं जेवण वेगळं, हॉल वेगळा, भेट फक्त रविवारी.

नियम असा होता, की दोघींनी नकार दिला तर निकाल बाजूला ठेवता येईल. हेमलतानं तिथल्या तिथं नकार दिला, वर चार शब्द सुनावलेही. अक्कांनी मात्र पडद्यावर अंगठा टेकवून होकार देऊन टाकला.

"अक्का, तुमचं डोकं फिरलंय का?" हेमलतानं त्या दिवशी खोलीत आल्या आल्या विचारलं होतं.

"ओरडू नकोस. तुझं बीपी वाढतं."

"वाढू दे! तासगावच्या घरात एका चुलीवर जन्म काढला आपण. नवरे गेले, पोरं परदेशी गेली, आपण दोघी उरलो. आणि आता हा डबा सांगणार, कुणी कुणाजवळ राहायचं?"

"डबा खोटं बोलत नाही, हेमा. त्या निळ्या गौरामीचं काय सांगितलं होतं त्यानं? हा मासा बाकीच्यांना छळेल म्हणून. तू ऐकलंस? आठ दिवसांत त्यानं गप्पींच्या शेपट्या कुरतडून ठेवल्या. माशांचं बरोबर सांगतं, ते माणसांचं चुकेल? माझ्यामुळं तुझ्या जिवाला त्रास होत असेल तर मी गेलेलं बरं." अक्का हे अगदी शांतपणे बोलल्या, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशा. त्या शांतपणानं हेमलताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आणि मी त्याला चुकीचं ठरवलं तर?"

"ठरव की."

त्याच आठवड्यात हेमलतानं टाकीत शेवाळं खायला झिंगे सोडायचं मनात घेतलं होतं आणि मेळनं आधीच नाक मुरडलं होतं. माशांसोबत झिंगे राहणार नाहीत म्हणे.

"ठीक आहे," हेमलता म्हणाली. "या टाकीत झिंगे जगवून दाखवते. जगले, तर तुम्ही अंगठा मागं घ्यायचा."

"जगले तर राहते. बास?"

अक्कांचा शब्द म्हणजे शब्द, मग तो सोयीचा असो की गैरसोयीचा. इमारत बदलायची तारीख महिनाअखेरच्या रविवारची ठरली होती, तोवर झिंगे जगायला हवे होते. तेव्हापासून हेमलता झिंग्यांच्या मागं लागली होती आणि आता तिसरी खेप गुलाबी होऊन काचेपाशी पडली होती.

---

"काकी, तुम्ही त्यांना करता तरी काय?" शिकलगारभाईंनी डोक्याला हात लावला. मिरजेच्या रस्त्यावर त्यांचं रंगीत माशांचं दुकान होतं.

"करतेय काय! खायला घालते, पाणी बदलते, आता मांडीवर घेऊन झोपवायचं तेवढं राहिलंय."

"पहिल्यांदा लाल चेरी नेले."

"मेले."

"मग ते मोठे जपानी नेले, अमानो."

"तेही मेले. जरा उशिरा मेले, एवढंच. मग तुमचे ते काचेसारखे आरपार नेले, ते आज सकाळी गेले." हेमलता स्टुलावर बसली. "ते बघा, त्या टाकीत लांब नांग्यांचे आहेत ना, ते चांगले दणकट दिसतायत. ते द्या."

"अहो, ते नदीचे. ते वाढले की तुमचे मासेच फस्त करतील. मग मेळचं बरोबरच ठरेल की!"

हेमलतानं हात झटकला. भाईंनी तिला परत सगळं पहिल्यापासून सांगितलं. माशाच्या तोंडात जे मावतं ते माशाचं खाणं, म्हणून मासे छोट्या तोंडाचे हवेत. तिचे होते. झिंगा वाढताना कात टाकतो आणि नवी कात कडक होईपर्यंत त्याचं अंग लोण्यासारखं मऊ असतं, म्हणून लपायला झुडपं हवीत. तिनं टाकीचं जंगल करून ठेवलं होतं. पाण्यात औषध नको.

"आणि तांबं नको. माशाला थोडं चालतं, झिंग्याला अजिबात नाही. माशांच्या औषधात असतं, जुन्या नळात असतं."

"नळ प्लास्टिकचे आहेत. मी स्वतः बघितलेत. औषधाचा थेंब घातलेला नाही."

"मग माशांचाच त्रास होत असेल," भाई हळूच म्हणाले.

"तुम्हीपण त्या डब्याच्या बाजूचे का?" हेमलता उठली. "बरोबर आहे. सगळ्या जगाचं बरोबर आहे, मी तेवढी चुकते." आणि ती तरातरा बाहेर पडली. रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपल्याला रडू येतंय. याचा तिला आणखीच राग आला.

संध्याकाळी निवासाची व्यवस्थापक अन्वी टाकीपाशी भेटली. पोरगी तशी गुणी होती, पण बोलायची पडद्यातल्यासारखी.

"काकू, टाकीचं पाणी सारखं खाली जातं. एसीमुळं उडतं. रोज भर घालायला सांगितलं होतं ना मी तुम्हाला? महिन्यापूर्वी हॉलमध्ये सगळ्यांसमोर बोलले होते."

"कुठं खाली गेलंय? काठोकाठ तर आहे."

अन्वीनं वाकून बघितलं. "अरे हो. मग छानच." ती थोडी घुटमळली. "काकू, शैलजाआजींचं सामान रविवारी हलवायचं ना?"

हेमलता वळून खोलीकडे निघाली. पाणी काठोकाठ कसं, हा प्रश्नही तिच्या डोक्यात आला नाही. डोकं रविवारनं भरलं होतं.

---

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिला जाग आली तेव्हा अक्कांची खाट रिकामी होती. काठी मात्र भिंतीला टेकलेली.

गेल्या वर्षी अक्का न्हाणीघरात पडल्या होत्या. तो आवाज तिच्या कानातून अजून गेला नव्हता. ती अनवाणीच बाहेर धावली.

पॅसेजच्या टोकाला अक्का चालल्या होत्या. नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवरून, काठीशिवाय, आणि कमरेवर तांब्याची कळशी! ही कळशी अक्कांनी तासगावहून हट्टानं आणली होती. रोज लिंबू लावून लखलखीत घासायची, रात्री पाणी भरून ठेवायची, सकाळी त्यातलं पेलाभर प्यायचं. तांब्यातलं पाणी प्रकृतीला चांगलं म्हणून. उरलेलं पाणी घरी तुळशीला जायचं. इथं दुसऱ्या मजल्यावर तुळस नव्हती.

हेमलताच्या मनगटावरची चकती पिपाणीसारखी वाजायला लागली. तिनं ती दुसऱ्या हातानं दाबून धरली. हाक मारली तर अक्का दचकतील, दचकल्या तर पडतील. ती श्वास रोखून त्यांच्या मागं मागं गेली.

अक्का टाकीपाशी पोचल्या. त्यांनी कळशी काठावर टेकवली आणि पाणी हळूहळू आत ओतलं. शेवटचा थेंब निथळेपर्यंत. मग पदरानं काच पुसली.

'झिंग्याला अजिबात नाही.' शिकलगारभाईंचे शब्द हेमलताच्या कानात वाजले आणि सगळं एका क्षणात तिच्यासमोर उभं राहिलं. लिंबानं घासलेल्या कळशीत रात्रभर पाणी राहिलं, की तांब्याचा अंश त्यात उतरतो. तो माणसाला बाधत नाही, माशालाही फारसा नाही. पण एसीच्या वाऱ्यानं टाकीतलं पाणी उडतं, तांबं उडत नाही. ते मागं राहतं. दुसऱ्या दिवशी त्यात नवी कळशी, नवं तांबं. रोज थोडं थोडं साठत जातं आणि झिंगे आडवे होतात. मासे बिचारे निर्दोष! मेळला झिंग्यांचा ताण दिसला होता, तो खराच होता. पण त्याची चकती तांबं ओळखत नव्हती. त्याला पाण्यात फक्त शेजारी दिसत होते, मग शेजाऱ्यावर आळ घालून तो मोकळा झाला.

अक्का वळल्या. "उठलीस? अगं, पाणी खाली गेलं होतं. त्या पोरीनं तुला सगळ्यांसमोर सुनावलं त्या दिवशी, मला नाही आवडलं. तेव्हापासून घालते मी रोज. तुझ्या मागं एवढे व्याप, तेवढाच हातभार."

काय सांगायचं? झिंगे तुम्हीच मारलेत म्हणून? जी बाई आधीच, मी हेमाच्या जिवाला बाधते, असं धरून बसलीय, तिला हे सांगायचं? ऐकून ती आजच बोचकं बांधेल. आणि नाही सांगितलं तर झिंगे मरतच राहणार आणि रविवारी बोचकं बांधायचंच आहे. आगीतून फुफाट्यात!

"अक्का," ती शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाली, "उद्यापासून पाणी मी घालत जाईन, हं. तुम्ही नका त्रास घेऊ."

अक्कांनी तिच्याकडे निरखून बघितलं. "काय झालं? गोड का बोलतेस?"

"कुठं काय? सहज."

"सहज तू माझ्याशी जन्मात गोड बोलली नाहीस." अक्कांचा चेहरा पडला. "म्हणजे पाण्याचासुद्धा हात नको का माझा? एवढी नकोशी झाले? बरं बाई. रविवारची कशाला वाट बघायची, आजच जाते."

आणि हेमलताचा बांध फुटला.

"जा! जा की! पण आधी ऐकून जा! तांब्याचं पाणी घालून झिंगे तुम्ही मारलेत, तिन्ही खेपा! झिंग्यांना तांबं म्हणजे विष. मी वेडी मिरजेला हेलपाटे घालतेय, भाईंशी भांडतेय, आणि तुम्ही इथं रोज कळशी रिकामी करताय!"

अक्कांनी काठाचा आधार घेतला. "मी मारले?"

"तुम्ही! आणि रडायचं नाही, मला आधी बोलू द्या! काठी कुठाय तुमची? ओल्या फरशीवरून कळशी घेऊन निघालात, सोळा वर्षांच्या असल्यासारख्या! पडल्या असतात म्हणजे? तुम्ही खुर्चीतून उठलात तरी माझ्या पोटात खड्डा पडतो. जेवताना ठसका लागला की पडतो. न्हाणीघरात पाच मिनिटं जास्त लागली की पडतो. आणि हा मुडदा डबा म्हणतो, मला तुमचा त्रास होतो! अहो, तुमचा नाही हो, तुम्ही जाल याचा त्रास होतो मला!"

पॅसेजमधले दरवाजे एकेक करून उघडले. टॉवेल, टोप्या, कवळी नसलेली तोंडं. अक्कांनी पदरानं डोळे पुसले आणि त्यांचाही आवाज चढला.

"मग हे सांगायला काय झालं होतं? तोंडाला कुलूप होतं? आणि मला काय स्वप्न पडणार होतं, झिंग्यांना तांबं चालत नाही म्हणून? तू सांगितलंस कधी? सगळं स्वतःच्या पोटात ठेवायचं आणि वर माझ्यावर ओरडायचं, नवी नवरी होतीस तेव्हापासून हीच सवय!"

"काठी घ्या म्हणून रोज सांगते ते ऐकता का?"

"प्रेमानं सांगितलंस तर ऐकीन!"

"प्रेमानंच ओरडतेय!"

अन्वी धापा टाकत आली. दोघींच्या चकत्यांनी खाली तिच्या टेबलावर धुमाकूळ घातला होता. "काकू, आजी, प्लीज, तुमचा ताण खूपच—"

"तू थांब," दोघी एकदम म्हणाल्या.

अन्वी थांबली. सगळं शांत झाल्यावर तिनं हेमलताचा महिनाभराचा आलेख उघडला आणि पॅसेजमधल्या कॅमेऱ्याच्या वेळांशी ताडून बघितला. मग ती म्हणाली, "काकू, खरंच. आजी बसलेल्या असतात तेव्हा तुमचा ताण खाली असतो. त्या उठल्या की वर जातो. मेळ फक्त जवळ कोण आहे ते धरतो, ते माणूस काय करतंय ते नाही धरत." तिचा चेहरा ओशाळा झाला. "पण निकाल मला बदलता येत नाही. अजून तो आजींच्या अंगठ्यावरच आहे."

हेमलतानं अक्कांकडे बघितलं.

"झिंगे जगले तर," अक्का म्हणाल्या. नाकाचा शेंडा अजून लाल होता. "शब्द म्हणजे शब्द."

हेमलतानं कपाळावर हात मारून घेतला.

---

त्याच दिवशी टाकीचं सगळं पाणी बदललं. वाळूसुद्धा धुऊन काढली. शिकलगारभाईंनी ते ऐकून आधी 'या अल्ला' म्हटलं, मग पोट धरून हसले, आणि तांबं शोषून घेणारी जाळीची पिशवीही दिली. या खेपेला निवड अक्कांनी केली. त्या काठी घेऊन दुकानात आल्या आणि त्यांनी साधे लाल चेरी निवडले. "हेच पहिले मारले मी," त्या म्हणाल्या. "यांचंच देणं लागते."

टाकीत सोडल्याबरोबर पडद्यानं सांगितलं, 'मेळ नाही.' गुरुवार गेला, शुक्रवार गेला, शनिवारी झिंगे शेवाळावर तुटून पडले होते. हेमलता दर तासाला त्यांना मोजत होती आणि दर वेळेला चुकत होती.

रविवारी सकाळी ती पोचली तेव्हा अक्का टाकीसमोर खुर्ची ओढून बसल्या होत्या. शेजारी बांधलेलं सामान. त्यांनी नुसतं बोट दाखवलं.

काचेपाशी, वाळूवर, एक झिंगा आडवा पडला होता.

हेमलता खुर्चीचा हात धरून खाली बसली, अगदी काचेला नाक लावून. एवढं करून, एवढं सगळं करून! तिला त्या झिंग्याला शिव्या घालायच्या होत्या आणि शिव्याही आठवत नव्हत्या.

"जाऊ दे गं," अक्का म्हणाल्या. त्यांचा हात हेमलताच्या पाठीवर होता. "केलंस तेवढं पुष्कळ केलंस."

हेमलता बघत राहिली. मग तिनं डोळे बारीक केले. मेलेले झिंगे गुलाबी व्हायचे. हा पांढुरका होता, आरपार. मिशा होत्या, पाय होते, पण आत काहीच नव्हतं. मानेपाशी पाठ उकललेली होती.

"अक्का, थांबा. तुमचा चष्मा द्या." तिनं चष्मा भिंगासारखा धरला. "अहो, हा मेलेला नाही. हा कोटच आहे नुसता! कात टाकलीय त्यानं!"

"मग तो कुठाय?"

दोघी काचेवर डोकी लावून शोधायला लागल्या. आणि झुडपाच्या तळाशी, रुंद पानाखाली, तो अक्कांना आधी दिसला. फिकट, मऊ, अंग चोरून बसलेला. त्याच्या अंगावरून एक मॉली सुस्तपणे निघून गेली, तिनं त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्यानं मिशी हलवली.

मग अक्कांनी मान वर केली. "ते अजून नाहीच म्हणतंय?"

पडद्यावर तेच होतं. 'मेळ नाही.'

"म्हणू दे," हेमलता म्हणाली.

"म्हणू दे," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी अन्वीला हाक मारली. "पोरी, तो अंगठा कुठं टेकवला होता ते दाखव. काढून घ्यायचाय."

अक्का आता चालताना काठी घेतात. टेकवत मात्र नाहीत, काखेत धरून चालतात, आणि हेमलताची चकती रोज सकाळी पिपाणीसारखी वाजते. कळशी अजून लिंबानं लखलखीत घासली जाते, पाणी रात्रभर राहतं. टाकीच्या जवळपासही ती आणायची नाही, अशी हेमलताची सक्त ताकीद आहे. मग अक्कांनी पिऊन उरलेल्यातला पेलाभर रोज हेमलताला प्यावा लागतो. वाया घालवायचं नाही म्हणून अक्का समोर उभ्या राहून तो संपवायला लावतात. हेमलताला ते पाणी मुळीच आवडत नाही.